घर आवरणे: अपरिग्रहाचा रोजचा अभ्यास



'अपरिग्रह' हा शब्द आपण सत्संगात अनेकदा ऐकतो. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच यमांपैकी तो शेवटचा. जैन परंपरेत तो पाच महाव्रतांपैकी एक. गीतेच्या सहाव्या अध्यायात एकांतात ध्यानाला बसणाऱ्या योग्याचे वर्णन आहे, तिथेही हा शब्द येतो. ऐकताना आपली मान डोलते. मग आपण घरी येतो, कपाट उघडतो आणि वरच्या कप्प्यातल्या पिशव्या अंगावर येतात.

हे व्रत संन्याशांसाठी आहे, संसारी माणसाला ते कसे जमणार, असे म्हणून आपण कपाटाचे दार पुन्हा लावतो. पण संसारी माणसाकडेच तर परिग्रह असतो! म्हणून या व्रताचा अभ्यास करण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे आपले घर. या पाठात आपण तीन गोष्टी पाहू: वस्तू का साठतात, त्या कशा कमी कराव्यात, आणि आवरलेले घर आवरलेले कसे राहील.

१. दोन कामे, दोन साधने

गीतेत अर्जुन तक्रार करतो की मन चंचल आहे, ते वाऱ्यासारखे आवरता येत नाही. भगवंत ती अडचण मान्य करतात आणि दोन साधने सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. योगसूत्रांतही हीच जोडी आहे.

घराचेही तसेच आहे. नको ते सोडणे हे वैराग्याचे काम. ठेवले ते रोज जागेवर ठेवणे हे अभ्यासाचे काम. बहुतेक घरांत पहिले काम दिवाळीच्या आधी मोठ्या उत्साहाने होते आणि दुसरे होतच नाही. मग मकर संक्रांतीपर्यंत टेबलावर पुन्हा तोच ढीग दिसतो. काही घरांत उलटे असते. रोज पुसणे, घड्या घालणे, रचणे चालूच असते. पण वस्तूच इतक्या असतात की आवरणारी व्यक्ती दमून जाते. एका साधनाने भागत नाही, दोन्ही लागतात.

पसाऱ्याचा मनावर परिणाम होतो हे आपण अनुभवाने जाणतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरांचा अभ्यास केला होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ज्या स्त्रिया आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अर्धवट कामे अशा शब्दांत करत होत्या, त्यांच्या शरीरातील ताणाशी संबंधित संप्रेरक दिवसभरात जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते. पुरुषांमध्ये हा संबंध तितका दिसला नाही. असे का असावे, याचा विचार आपण पुढे करू.

२. तीस जानेवारी मार्गावरील खोली

दिल्लीत राहणाऱ्यांना या व्रताचे एक उदाहरण प्रत्यक्ष पाहता येते. तीस जानेवारी मार्गावर पूर्वीचे बिर्ला हाऊस, म्हणजे आजची गांधी स्मृती आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी गांधीजी कोलकात्याहून दिल्लीत आले. ते एरवी उतरत त्या वाल्मीकी वस्तीत तेव्हा निर्वासित राहत होते, म्हणून त्यांची व्यवस्था या मोठ्या घरात झाली. ३० जानेवारी १९४८ पर्यंतचे आयुष्याचे शेवटचे १४४ दिवस त्यांनी इथे काढले.

घर उद्योगपतीचे, पण त्यांची खोली पाहा. जमिनीवर गादी, टेकायला लोड, समोर बुटके लाकडी मेज. त्यांच्या वापरातल्या मोजक्या वस्तू तिथे मांडल्या आहेत: चष्मा, काठी, जेवणाचा चमचा-काटा आणि साबणाऐवजी अंग घासायला वापरलेला खडबडीत दगड. याच खोलीतून ते देशातील मोठमोठ्या नेत्यांशी बोलत होते आणि दंगलीने होरपळलेल्या शहराला शांत करत होते. त्या कामाला वस्तू कमी पडल्या नाहीत.

१९३० मध्ये येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी साबरमती आश्रमाला दर मंगळवारी एक, अशी व्रतांवर पत्रे लिहिली. त्यांत अस्तेय आणि अपरिग्रह ही व्रते एकमेकांना जोडलेली आहेत. आपल्याला लागत नाही ती वस्तू आपण अडवून ठेवली, तर जिला ती लागते त्या व्यक्तीचे आपण काही घेतले, असा त्यामागचा विचार आहे. डिसेंबरच्या रात्री एम्सच्या बाहेर पदपथावर झोपलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडे पाहिले आणि आपल्या पलंगाच्या पेटीत पडलेल्या चौथ्या-पाचव्या रजईची आठवण झाली, की हा विचार पुस्तकातला राहत नाही.

पण याच गांधीजींची दुसरी एक गोष्ट काका कालेलकरांनी सांगितली आहे. एकदा मुंबईत गांधीजी काहीतरी शोधत होते. एक छोटीशी पेन्सिल हरवली होती. काकांनी आपल्याजवळची पेन्सिल देऊ केली, पण त्यांना तीच हवी होती. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने ती त्यांना प्रेमाने दिली होती. शोधून ती सापडली तेव्हा बोटभरही नव्हती, पण गांधीजींना समाधान वाटले.

हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून पाहा. कमी वस्तू असणे म्हणजे वस्तूंबद्दल बेफिकीर असणे नव्हे. ज्याच्याकडे थोडे असते त्याला प्रत्येक वस्तू माहीत असते, ती कुठून आली हेही आठवते. ज्याच्याकडे वीस पेन असतात त्याला त्यातले एकही वेळेवर सापडत नाही. 'सगळे काढून टाका' अशी जी मोहीम आजकाल निघते, तिच्यापेक्षा आपले व्रत वेगळे आहे ते इथे. फेकण्याचा उत्साह आणि पुन्हा नवीन आणण्याचा उत्साह ही एकाच मनाची दोन रूपे असू शकतात.

३. वस्तू का साठतात

कपाट उघडण्याआधी थोडे आत पाहू. वस्तू न सोडण्यामागे बहुधा तीन कारणे असतात.

पहिले कारण भीती. "लागेल कधीतरी" हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकू येते. दिल्लीत बदलीवर आलेल्या कुटुंबांकडे मागच्या बदलीत बांधलेले, आजवर न उघडलेले खोके असतात. पुढच्या बदलीतही ते तसेच ट्रकमध्ये चढतात. वाणिज्य शाखेत शिकवतात की गोदामात पडून असलेला माल फुकट पडून नसतो. तो जागा अडवतो, त्याला जपावे लागते आणि त्याचे मोल दरवर्षी घटते. नोएडा, गुरुग्राम किंवा द्वारकेत एका खोलीचे भाडे किती पडते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातली अर्धी खोली न उघडलेल्या खोक्यांना दिली असेल, तर ते भाडे कोण भरते आहे?

दुसरे कारण आठवण. आईची साडी, वडिलांचा रेडिओ, मुलाचे पहिले बूट. इथे घाई करू नये. यावर पुढे बोलू.

तिसरे कारण प्रतिमा. 'लोक काय म्हणतील' किंवा 'मी असा होणार आहे' या कल्पनेने घेतलेल्या वस्तू. व्यायामाची सायकल, न वाचलेले ग्रंथ, पाहुण्यांसाठी राखलेले आणि पाहुण्यांसमोरही न काढलेले काचेचे सेट. साधनेच्या वस्तूही यातून सुटत नाहीत. पाच जपमाळा आणि तीन आसने असतील, तर जप वाढतो असे नाही.

वस्तू हातात घेतल्यावर स्वतःला विचारा: हिला धरून ठेवणारे कोण आहे, गरज, भीती, आठवण की प्रतिमा? उत्तर मिळाले की निर्णय सोपा होतो.

४. काढायचे कसे

दिल्लीच्या हवामानाने आपल्याला याचे वेळापत्रकच दिले आहे. इथे वर्षातून दोनदा घर उलथेपालथे होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास रजया, स्वेटर, हीटर बाहेर येतात. होळीनंतर ते परत पेटीत जातात आणि कूलरची गवताची जाळी बदलली जाते. वस्तू तशाही हातात येतातच. तोच निर्णयाचा क्षण समजा. संपूर्ण हिवाळा गेला आणि जो स्वेटर एकदाही अंगावर चढला नाही, तो मार्चमध्ये पेटीत परत जाऊ देऊ नका. जी रजई एकाही पाहुण्याला लागली नाही, तिचेही तसेच.

कामाच्या वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो.

एका वेळी एकच जागा घ्या. संपूर्ण घर काढू नका. एक ड्रॉवर, एक कप्पा, फार तर एक कपाट. जितके एका तासात परत लावून होईल तितकेच बाहेर काढा.

कप्पा पूर्ण रिकामा करून पुसा. दिल्लीची धूळ बंद दाराआडही पोहोचते. शौच हा पतंजलींनी सांगितलेला पहिला नियम आहे, तो इथे सहज पाळला जातो.

चार ढीग करा: ठेवायचे, दुरुस्त करायचे, द्यायचे, भंगारात काढायचे. पाचवा 'नंतर बघू' हा ढीग करू नका. खरोखर ठरत नसेल तर ती वस्तू एका खोक्यात घालून वर तारीख लिहा. सहा महिन्यांत खोके उघडावे लागले नाही, तर उत्तर मिळाले.

दुरुस्तीच्या ढिगाला सात दिवसांची मुदत द्या. आठवडाभरात शिंप्याकडे, चांभाराकडे किंवा मिक्सरवाल्याकडे गेले नाही, तर ती वस्तू दुरुस्त होणार नाही हे मान्य करा.

शेवटी, ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला जागा ठरवून द्या. ज्यांच्या घरी कोणी कारखान्यात काम करते त्यांना जपानमधून आलेली 'फाइव्ह एस' पद्धत ठाऊक असेल. निवडणे, जागा लावणे, स्वच्छ करणे, नेम ठरवणे आणि शिस्तीने पाळणे, अशा त्या पाच पायऱ्या. वस्तू जिथे वापरली जाते तिच्या जवळ ठेवावी, आणि ती काढायला जितके सोपे असेल त्याहून परत ठेवायला सोपे असावे. किल्ल्यांसाठी दाराजवळ खिळा असेल तर किल्ल्या खिळ्यावर जातात. तो आतल्या खोलीत असेल तर त्या सोफ्यावरच राहतात.

आणि एक सूचना. डबे, टोपल्या, आयोजक पेट्या आधी विकत आणू नका. आधी वस्तू कमी करा. बहुतेक वेळा मग नव्या पेटीची गरज उरत नाही.

५. दुसऱ्याच्या वस्तूंवर आपले व्रत चालत नाही

हा भाग सर्वांत नाजूक आहे. उत्साहाच्या भरात आपण सासूबाईंचे डबे, वडिलांची जुनी मासिके, नवऱ्याच्या तारा-प्लगांचा खोका उचलून बाहेर ठेवतो. घर मोकळे होते आणि मने भरतात. अपरिग्रहाच्या नावाखाली अहिंसा मोडली, तर आपण काय मिळवले? यमांच्या क्रमात अहिंसा पहिली आहे आणि अपरिग्रह पाचवा, हे विसरू नये.

ज्येष्ठांच्या साठवणीमागे इतिहास असतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी महाराष्ट्रात पाहिला, रेशनच्या रांगेत जे उभे राहिले, त्यांच्या हातून रिकामा डबा सहज सुटत नाही. त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळवल्या म्हणून घर चालले. त्या सवयीला हसू नये. वस्तू वाया जाऊ न देण्याची ती त्यांची साधनाच होती. आज परिस्थिती बदलली, सवय मागे राहिली, इतकेच.

मग करायचे काय? आधी फक्त आपल्या वस्तूंपासून सुरुवात करा आणि कोणालाही उपदेश करू नका. आपला कप्पा मोकळा आणि नीट दिसू लागला की घरातले लोक पाहतात. ज्येष्ठांना विचारायचे असेल तर "हे टाकू का?" असे विचारू नका. "आई, हे कोणाला द्यावे असे तुम्हाला वाटते?" असे विचारा. पहिल्या प्रश्नात त्यांच्या वस्तूची किंमत शून्य होते. दुसऱ्या प्रश्नात देणाऱ्याचा मान त्यांच्याकडे राहतो. उत्तर "कोणालाच नाही" असे आले, तर तेही स्वीकारा.

जे गेले त्यांच्या वस्तूंबद्दल तर आणखी सावकाश. त्यासाठी कोणतीही मुदत नाही. घरातील सर्वांनी मिळून एखादी वस्तू निवडावी आणि ती पेटीत न ठेवता वापरात आणावी. आजीचा पितळी तांब्या रोज पूजेत आला तर तिची आठवण रोज होते. माळ्यावरच्या खोक्यात तिच्या पंचवीस वस्तू असतील, तर त्यांतली एकही डोळ्यांपुढे नसते.

६. दारातून बाहेर गेलेली वस्तू कुठे जाते

वस्तू आपल्या नजरेआड झाली की ती संपली असे वाटते. तसे नसते. महाराष्ट्रात जशी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, तसे दिल्लीत वाघरी समाजातील स्त्रिया दारोदार फिरून करतात. त्यांनी गोळा केलेले कपडे पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगरच्या बाजारात पहाट होण्याआधी विकले जातात. तिथून ते दुरुस्त होऊन पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढतात. दिल्लीच्या उत्तरेला, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच असलेल्या पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू सुटे करून पुन्हा सूत कातले जाते आणि त्याची ब्लँकेटे होतात. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आठवते. आज तिथे आपला जुना स्वेटर नवा जन्म घेतो, हेही लक्षात ठेवू या.

देण्याची रीत कशी असावी हे दिल्लीतील 'गूंज' या संस्थेकडून शिकण्यासारखे आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये आपल्याच घरातील ६७ कपड्यांपासून हे काम सुरू केले. २०१५ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातील लोक श्रमदानाने विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाच्या सन्मानार्थ त्यांना कपडे व इतर साहित्य मिळते. जुन्या सुती चादरींपासून स्त्रियांसाठी मासिक पाळीची कापडी पॅड तयार होतात. घेणारा भिकारी नाही, हा या कामाचा पाया आहे.

म्हणून देण्याआधी एक कसोटी लावा: हा कपडा मी माझ्या भावाला देईन का? बटण तुटलेले असेल तर लावून द्या. मळलेला असेल तर धुऊन, घडी करून द्या. फाटलेला असेल तर त्याचे पायपुसणे करा. कामाला येणाऱ्या ताईंना द्यायचे असेल तर "तुम्हाला उपयोगी पडेल का?" असे विचारा आणि त्यांना नाही म्हणण्याची मोकळीक ठेवा. आपला कचरा त्यांच्या हातात ठेवून पुण्य मोजणे हे दान नव्हे.

जुने मोबाईल, चार्जर, बॅटऱ्या कबाडीवाल्याकडे देताना थांबा. ईशान्य दिल्लीतील सीलमपूरमध्ये असे सुटे भाग हातांनी फोडले जातात, आणि तांब्यासाठी तारा जाळल्या की त्याचा विषारी धूर काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रावरच द्याव्यात.

ही सर्व वाट एकदा लक्षात आली की एक बदल आपोआप होतो. विकत घेतानाच हात थोडा थांबतो. खरा अपरिग्रह तिथे सुरू होतो.

७. अभ्यास: सवय कशी टिकते

पतंजली सांगतात की अभ्यास दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदराने केला तर तो पक्का होतो. एकवीस दिवसांत सवय लागते असे आपण ऐकतो, पण तसा नियम नाही. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातच एक दिलासाही होता: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाचा शोक करू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

सवय टिकवण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिला आधीपासून चालू असलेल्या कामाला बांधणे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावण्याचा नेम बहुतेक घरांत आहे. दिवा लावण्याआधी दहा मिनिटे सर्वांनी मिळून बैठकीची खोली आवरावी. दिवा लागतो तेव्हा जागा मोकळी असते आणि मनही शांत बसते. दुसरा नेम: एक वस्तू आत, एक बाहेर. नवा कुर्ता आला तर जुना एक निघाला पाहिजे. तिसरा नेम: ऑनलाइन काही घ्यावेसे वाटले तर ते यादीत लिहून सात दिवस थांबणे.

'सर्वांनी मिळून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिल्या भागातील संशोधनात पसाऱ्याचा ताण स्त्रियांमध्ये अधिक का दिसला, याचे उत्तर आपल्या घरांतही शोधता येईल. पसारा सर्वांचा आणि आवरणारी एकटी, असे असेल तर ती सवय टिकणार नाही, आणि टिकली तरी ती एकीच्या सेवेवर सर्वांचा परिग्रह ठरेल. आश्रमात स्वतःचे ताट स्वतः घासणे हा साधा नियम असतो. तो घरी आणावा. पाच वर्षांच्या मुलालाही आपली खेळणी टोपलीत ठेवता येतात, आणि पन्नास वर्षांच्या गृहस्थालाही आपला टॉवेल दोरीवर घालता येतो.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या घरातील कोणती वस्तू मी केवळ भीतीमुळे धरून ठेवली आहे?
२. मागच्या हिवाळ्यात एकदाही न वापरलेले असे माझ्याकडे काय आहे? ते आज कोणाच्या कामी येईल?
३. घर आवरताना मी कधी कोणाचे मन दुखावले आहे का? त्या व्यक्तीशी मी आज काय बोलू शकतो किंवा शकते?
४. आमच्या घरी रोज आवरण्याचे काम कोण करते? त्यातला कोणता वाटा मी उचलीन?

या महिन्याचा संकल्प

पहिला आठवडा: फक्त स्वतःचे कपड्यांचे कपाट.
दुसरा आठवडा: स्वयंपाकघरातील एक कप्पा आणि मुदत संपलेली औषधे.
तिसरा आठवडा: कागदपत्रे. लागणारी एका फाईलमध्ये, बाकीची रद्दीत.
चौथा आठवडा: द्यायचा ढीग धुऊन, घडी करून स्वतः पोहोचवणे.
रोज: दिव्याआधी दहा मिनिटे.

पुढच्या सत्संगात प्रत्येकाने किती वस्तू काढल्या याची मोजणी करायची नाही. ज्यांनी चौथ्या आठवड्यात स्वतः जाऊन काही दिले, त्यांनी घेणाऱ्या व्यक्तीबद्दल दोन वाक्ये सांगावीत. संतोष हा पतंजलींचा दुसरा नियम त्या दोन वाक्यांतून समजेल.